याचा अक्स निघत नाही

"न्हाई निघत."

दैवशालानं दचकून मान वर केली. परभणी स्टेशनच्या फलाटावर, पत्र्याच्या शेडखाली एक लांब बाकडं होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बसला होता. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, नजर समोरच्या रुळांवर. तो आपल्याशी बोलला की स्वतःशी, हेच तिला कळेना.

"काय न्हाई निघत?" तिनं जरा घुश्शातच विचारलं.

"तुमी आत्ता पुटपुटलात ते." त्यानं मान वळवली. डोळे हसत होते, पण चेहरा अगदी गंभीर. "सगळी माणसं मर्त्य आहेत, म्हणून सगळे मर्त्य जीव माणसं आहेत... असं उलटं केलं तर न्हाई निघत. ती बघा की."

फलाटाच्या कडेला एक काळी शेळी कुणाच्या तरी पाटीतली मेथी ओढून खात उभी होती.

"ती बी मर्त्यच हाय," तो म्हणाला. "तुमच्या म्हणण्यानं तिला तिकीट काढावं लागंल."

रागवायचं ठरवून दैवशालानं ओठ घट्ट मिटले. पण शेळीनं नेमकं त्याच वेळी, मेथी चघळत चघळत, तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला हसू आवरेना. पदर तोंडाशी नेऊन ती हसली, आणि हसू ओसरल्यावर मात्र ओशाळली. अनोळखी माणसासमोर, भर स्टेशनात!

ती परभणीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर मावशीकडे राहायची आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पॅसेंजरनं पुढच्याच स्टेशनावर, पेडगावला, आईवडिलांकडे जायची. गाडी वेळेवर यायची नाही, हे सगळ्या परभणीला ठाऊक होतं. तो वेळ ती अभ्यासाला वापरायची. इंटरची परीक्षा ती बाहेरून देत होती. तर्कशास्त्र हा विषय तिनं मोठ्या हौसेनं घेतला होता आणि घेतल्यापासून पस्तावत होती. पुस्तक होतं, पण समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

"तुमाला येतं हे?" तिनं विचारलं.

"यायचं. आमी त्याला मंतिक म्हणायचो. तुमी जे करू पाहताय त्याला अक्स म्हणतात. अक्स म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. विधानाची दोन टोकं उलटी करायची, अन् बघायचं, ते तेवढंच खरं राहतंय का."

"आमच्या पुस्तकात त्याला परिवर्तन म्हणतात."

"शब्द लय जड हाय."

"तुमचा हलका हाय म्हणून परीक्षक मार्क देणार न्हाईत मला."

आता तो मोकळेपणानं हसला. त्याचं नाव सूर्यभान. मानवतच्या शेतकऱ्याचा मुलगा. निजामाच्या अमलात शाळेत पाऊल टाकलं ते उर्दूत, हैदराबादेत इंटर झाला तेही उर्दूतच. पुढे पोलीस अॅक्शन झाली, राज्य गेलं, त्याचं शिक्षण तिथंच थांबलं. आता जिल्हा मुंबई राज्यात आला होता आणि कचेरीचा कारभार मराठीत चालला होता. जुन्या उर्दू कागदांचं मराठी करायचं काम सूर्यभानकडे होतं. दर शनिवारी तोही याच गाडीनं आईकडे जायचा.

गाडी अजून आली नव्हती. त्यानं तिला सांगितलं, "'सगळे' असं म्हणलं की अक्स 'काही'वर येऊन थांबतो. सगळी माणसं मर्त्य, तर मर्त्य जीवांतले काही माणसं. त्याच्या पुढं जायचं न्हाई. 'काही'चा अक्स मात्र 'काही'च राहतो. अन् 'एकही न्हाई' असलं तर अक्स पुरा. एकही माणूस दगड न्हाई, तर एकही दगड माणूस न्हाई."

"आमच्या हेडबाईंना बघितलं तर ह्या शेवटच्याबद्दल शंका येते," दैवशाला म्हणाली.

घंटा वाजली. धुराची रेघ दिसू लागली. ती बायकांच्या डब्याकडे गेली आणि तो पुढच्या डब्यात चढला. खिडकीशी बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की जी गोष्ट महिनाभर डोक्यात शिरत नव्हती ती आता कायमची शिरली होती. आणि तिच्याबरोबर एक आवाजही.

पुढच्या शनिवारी तो त्याच बाकड्यावर होता. त्याच्या मांडीवर पिशवीऐवजी पाटी होती. खरीखुरी दगडी पाटी, आणि पेन्सिल.

"माझी बी एक परीक्षा हाय," तो म्हणाला. "खात्याची, मराठीची. पास न्हाई झालो तर नोकरी पक्की होत न्हाई. बोलायला मराठी माझ्या घरची हाय, पर लिहायला बसलो की पाव्हण्यासारखी वागती. तुमी शिकवाल का? बदल्यात मी मंतिक शिकवीन."

दैवशालानं पाटी घेतली. "लिहा. अर्जदाराने परवानगी मागितली."

त्यानं लिहिलं. अक्षर पाहून ती चकित झाली. इतकं वळणदार, इतकं देखणं अक्षर तिनं कुणाचं पाहिलं नव्हतं. जणू उर्दूची सगळी नजाकत मराठीच्या अंगावर घातली होती. पण ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागलेली. तिनं बोटानं दोन वेलांट्या पुसल्या.

"अर्जदार म्हणजे दरख्वास्तवाला," तो शिकू लागला. "परवानगी म्हणजे इजाजत. बदली म्हणजे तबादला. अन्... मोहब्बतला काय म्हणतात?"

"ते परीक्षेत येत न्हाई," दैवशाला पाटीकडे बघत म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

असे शनिवार जात राहिले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दिशेनं रांगेनं जायच्या. त्यांच्यावरून उडालेला कापूस फलाटावर लोळायचा, कधी तिच्या वेणीत अडकायचा. सूर्यभान म्हणायचा, "बाई, तुमच्या केसात..." आणि पुढं काही न बोलता बोटानं दाखवायचा, हात कधी पुढे करायचा नाही. तिला ते आवडायचं. गाडी उशिरा आली की पूर्वी ती वैतागायची. आता एखाद्या शनिवारी वेळेवर आली की वैतागायची.

पण त्याच्याबद्दल तिच्या मनात खरा आदर उभा राहिला तो एका वेगळ्याच दिवशी.

फलाटावर एका व्यापाऱ्याचं गाठोडं नाहीसं झालं. आरडाओरडा झाला. शेडच्या खांबाशी एक पारधी बाई तितरांचा पिंजरा घेऊन बसली होती. चारपाच माणसं तिच्याभोवती जमली. "हिचंच काम असणार," व्यापारी म्हणत होता. "ह्या भागातल्या सगळ्या चोऱ्या पारधीच करतात." एकानं तिचा पिंजरा पायानं उलटा केला. ती बाई ओरडली नाही. तिनं फक्त दोन्ही हातांनी पिंजरा धरून ठेवला.

सूर्यभान उठला. आवाज न चढवता तो मध्ये जाऊन उभा राहिला.

"शेठ, हिला गाठोडं घेताना कुणी बघितलं का?"

"बघायचं काय त्यात? चोर सगळे पारधी असतात."

"ते खरं न्हाई. पर घटकाभर खरं धरू," सूर्यभान म्हणाला. "चोर सगळे पारधी असले, तरी पारधी सगळे चोर असं त्यातनं निघत न्हाई. पागोटं बांधणारे सगळे पुरुष असतात. म्हणून पुरुष सगळे पागोटं बांधतात का? तुमच्या बोलण्यातनं ह्या बाईबद्दल काहीच निघत न्हाई. आधी गाठोडं शोधू."

लोक घुटमळले. पागोट्याचं उदाहरण ऐकून एक बोडका म्हातारा हसला, आणि एकदा हसू आलं की हात उचलायची धमक जाते. गाठोडं सापडलं. हमालानं ते आधीच पार्सलच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. व्यापारी तिकडे गेला. सूर्यभान खाली बसला, पिंजरा सरळ केला, त्याची निसटलेली काडी जागेवर बसवली आणि बाईच्या हातात दिला. मग परत येऊन पाटी उचलली, जणू काही झालंच नाही.

दैवशाला त्याच्याकडे बघत राहिली. परीक्षेसाठी पाठ करायच्या नियमांनी एखाद्या बाईला मारापासून वाचवता येतं, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. हा माणूस जे शिकला होता ते त्याच्या जगण्यात उतरलं होतं. त्या दिवशी गाडी पेडगावला कधी पोचली ते तिला कळलं नाही.

"आज गप्प गप्प?" पुढच्या शनिवारी त्यानं विचारलं. "माझं शिकवणं आवडेनासं झालं का?"

"नावडत न्हाई," ती म्हणाली.

"नावडत न्हाई, म्हणजे आवडतं. दोन नकार मिळून होकार. प्रतिवर्तन म्हणतात ना तुमच्या पुस्तकात?"

दैवशालानं जरा विचार केला. मग तिच्या गालावर हळूच खळी पडली.

"चुकलात. 'आवडतं' आणि 'आवडत नसलेलं', ह्या दोनात मधी जागा न्हाई. पर 'आवडतं' आणि 'नावडतं' ह्यांच्या मधी बरीच जागा हाय. न आवडणारं, न नावडणारं असं कितीतरी असतं तिथं."

सूर्यभाननं पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असा पसरला की जणू तिनं नाही, त्यानंच काही जिंकलं होतं.

"बाई, तुमी मला मागं टाकलंत," तो म्हणाला. "हैदराबादेत माझ्या उस्तादांनी हे ऐकलं असतं तर उठून उभे राहिले असते." थोडं थांबून त्यानं हळूच विचारलं, "मग... त्या मधल्या जागेत कुठंशी बसलोय मी?"

"गाडी आली," दैवशाला म्हणाली. गाडी अजून दिसतही नव्हती.

फाल्गुन लागला. एका शनिवारी आभाळ भलतंच काळवंडलं. दुपारीच दिवेलागणीसारखा अंधार झाला, वारा सुटला, आणि धुळीचा वास फलाटभर पसरला. सूर्यभान आला तो कागदात बांधलेले पेढे घेऊन.

"पास झालो. नोकरी पक्की झाली."

तिला मनापासून आनंद झाला. पेढा तोंडात घोळत असतानाच मात्र दुसरा विचार आला, आणि तो त्याच्याही मनात असावा. पाटी त्यानं आणली नव्हती. तिचाही अभ्यास आता पक्का झाला होता, परीक्षा चैत्रात होती. या बाकड्यावर शेजारी बसायला दोघांकडे काही कारणच उरलं नव्हतं.

"शेवटचा एक सवाल घालू का?" तो म्हणाला. त्याची बोटं पेढ्यांच्या दोऱ्याशी खेळत होती.

"घाला."

"सूर्यभान हा असा माणूस हाय, की ज्याचा जीव दैवशालेवर जडलाय." तो रुळांकडे बघत होता, पहिल्या दिवशीसारखाच. "ह्याचा अक्स काढा."

पत्र्यावर टप्पकन काहीतरी पडलं. मग आणखी एक. गारा.

"ज्यांचा जीव दैवशालेवर जडलाय," ती सावकाश म्हणाली, "त्यांतला एक सूर्यभान हाय."

"त्यांतला एक? म्हणजे आणखी हायेत?"

"ते विधानात सांगितलेलं न्हाई."

तो हसला, पण लगेच पुन्हा गंभीर झाला. "मला हा अक्स नको होता, बाई. मला वाटलं... ह्याच्या उलट म्हणजे, दैवशालेचा जीव..."

"तो ह्याचा अक्स न्हाई." तिनं पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमचा जीव माझ्यावर, म्हणून माझा तुमच्यावर, हे ह्यातनं निघत न्हाई. ते निराळं विधान हाय. ते ज्याचं त्यानंच म्हणावं लागतं."

"मग कुणी म्हणायचं ठरवलंय का?"

आता गारा धो धो कोसळत होत्या. पत्र्यावर इतका कल्लोळ चालला होता की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. फलाटावर पांढऱ्या गोळ्या उड्या मारत होत्या. भिजलेल्या मातीचा गार वास दोघांच्या भोवती दाटला होता. दैवशाला काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले त्याला दिसले.

"ऐकू न्हाई आलं," तो कानाशी हात नेऊन म्हणाला.

ती पुन्हा बोलली. त्यानं मान हलवली. मग तिनं सगळा धीर गोळा केला, श्वास भरून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली,

"मला सूर्यभान आवडतात."

आणि त्याच क्षणी, कुणी हात वर करून थांबवावं तशा, गारा थांबल्या.

तिचं वाक्य शेडखाली स्वच्छ घुमलं. डोक्यावर पेटी घेतलेला हमाल जागच्या जागी उभा राहिला. घंटेची दोरी धरलेल्या माणसानं मान वळवली. आणि पलीकडच्या खांबाशी, भाजीच्या रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसलेल्या नर्मदाबाईंनी तोंडातलं पान चावायचं थांबवलं. नर्मदाबाई पेडगावच्या, दैवशालाच्या घरामागच्याच आळीत राहणाऱ्या.

सूर्यभान मात्र कुणाकडेच बघत नव्हता. तो फक्त तिच्याकडे बघत होता.

"आता आलं," तो हळूच म्हणाला. "ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशाला गोठ्यात शेण काढत होती, तेव्हा तिचे वडील लिंबाजी येऊन दावणीशी बसले. कमी बोलणारा, थोड्या जमिनीत नीट शेती करणारा माणूस. पोरीला शिकवायचं त्यांनीच ठरवलं होतं, भावकीचं न ऐकता.

"नर्मदाबाई काय सांगायलीय, ते खरं हाय का?"

"खरं हाय, दादा."

"कोण हाय?"

तिनं सांगितलं. मानवत, शेतकऱ्याचं घर, कचेरीतली नोकरी. 'कचेरी' म्हणताच लिंबाजींनी हात वर केला.

"मंग इषय संपला. जिंतूरचं स्थळ आलंय. घरचा कापूस हाय, माणसं जमिनीवरची हायेत. तेवढं शाळा सोड म्हणत्यात. कचेरीवाला मला नको. बायनाकडं बघ."

बायनाबाई ही दैवशालाची थोरली बहीण. तिला एका कारकुनाला दिली होती. त्यानं बदलीच्या गावी दुसरं घर केलं आणि हिला माहेरी आणून सोडलं, ते कायमचं. बायनाबाई फारशी बोलत नसे. घरातलं सगळं काम मात्र तिच्या हातून पाण्यासारखं व्हायचं.

"दादा," दैवशाला हात धुऊन समोर येऊन बसली. "दाजी वाईट निघाले. त्यावरून 'काही कचेरीवाले वाईट' एवढंच म्हणता येतं. 'सगळे वाईट' हे त्यातनं निघत न्हाई."

लिंबाजी गवताची काडी दातात धरून विचार करत राहिले. त्यांनी तिचं बोलणं झिडकारलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "काही वाईट. मंग त्यावरून 'काही चांगले' हे तरी निघतंय का?"

दैवशालाला हो म्हणणं सोपं होतं. वडिलांना कुठं पुस्तक ठाऊक होतं? पण तिला तो दिवस आठवला, तितरांचा पिंजरा आठवला.

"न्हाई निघत, दादा."

"अन् काही चांगले असले, तरी ह्यो त्यांतलाच, हे?"

"ते बी न्हाई निघत."

"मंग तुझं शास्तर काय कामाचं गं?"

"आपल्याला ठाऊक न्हाई, एवढं कळायच्या कामाचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज ठाम होता. "तुमाला तो माणूस ठाऊक न्हाई, दादा. 'वाईट हाय' हे बी ठाऊक न्हाई, 'चांगला हाय' हे बी न्हाई. घरबसल्या ते कळायचं न्हाई. बघावं लागंल. बघा, अन् मग न्हाई म्हणा. मी ऐकीन."

ती खोटं बोलू शकली असती आणि बोलली नाही, हे लिंबाजींना कळलं होतं. उठताना ते एवढंच म्हणाले, "पुढल्या आयतवारी बोलाव."

सूर्यभान आला. एकटाच, तोच पांढरा सदरा घालून. पार्वतीबाईंनी, दैवशालाच्या आईनं, चहा दिला. दैवशाला आतल्या दाराआड उभी राहिली. तिच्या शेजारी बायनाबाई सुपात जोंधळे निवडत बसली होती.

शेतीचं, पाण्याचं, कचेरीचं बोलणं झालं. मग लिंबाजी मुद्द्यावर आले.

"माझ्या एका पोरीचं वाटोळं झालं. दुसरीला असंच कुणी सोडणार न्हाई, ह्याची हमी देता का?"

दाराआड दैवशालानं डोळे मिटले. हो म्हणा, ती मनात म्हणत होती. नुसतं हो म्हणा.

"हमी न्हाई देता येणार," सूर्यभान म्हणाला.

बाहेर पार्वतीबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"उद्या मी कसा असंन, हे आज सिद्ध करायला माझ्यापाशी काही न्हाई," तो संथपणे सांगत होता. "मी शपथ घेतली तरी शपथ घेणारे सगळे ती पाळतात असं न्हाई. मला एवढंच सांगता येतं, की आज माझ्या मनात दुसरं काही न्हाई. अन् यांनी शाळा सोडू नये. यांच्याइतकं सरळ डोकं मी हैदराबादेत बी बघितलं न्हाई. ते चुलीपाशी झाकून ठेवायचं म्हणजे पाप हाय."

लिंबाजींच्या थोरल्या जावयानं याच ओसरीवर बेल-भंडारा उचलून शपथ घेतली होती. तेव्हा त्यांना किती बरं वाटलं होतं. आता मात्र या माणसाच्या नकारानं त्यांच्या मनातली कसलीतरी गाठ सैल होत होती.

सुपाचा आवाज थांबला. बायनाबाई उठली. पदर सावरून ती दारात आली. परक्या पुरुषासमोर ती कधीच येत नसे.

"तुमची माय कवा जेवती?" तिनं विचारलं.

सूर्यभान गोंधळला. असल्या प्रश्नाची त्याची तयारी नव्हती.

"माय? माझ्याआधी. तिला दिसायला कमी झालंय, चुलीपाशी बसवत न्हाई. एरवी चुलती करते. शनिवार-आयतवार मी करतो भाकरी. तव्यावरची पहिली तिला देतो, गरम असती तोवर." त्याला लाज वाटली. "माझी थापलेली एका बाजूनं जाड राहते. ती म्हणते, जाडच बरी, दात न्हाईत तरी चघळायला येती."

पार्वतीबाईंना हसू फुटलं. बायनाबाई हसली नाही. ती वडिलांकडे वळली.

"दादा, त्या घरी सासूला सगळ्यांच्या मागं, उरलं तर मिळायचं. मी पहिल्याच दिवशी बघितलं व्हतं. मनाला म्हणलं, सगळ्याच घरी असंच असंल. सगळ्या घरी नसतं, दादा. ह्यांना द्या दैवशालाला."

एवढं बोलून ती आत आली आणि पुन्हा सूप घेऊन बसली. दैवशाला तिच्यापाशी खाली बसली, तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. बायनाबाई जोंधळ्यातले खडे वेचत राहिली, पण तिचा एक हात धाकट्या बहिणीच्या पाठीवरून फिरत होता. बोलण्याच्या बाबतीत इतकी वर्षं कंजूस असलेल्या आक्कानं आपले सगळे साठवलेले शब्द आज तिच्यासाठी खर्चले होते.

दुपारच्या गाडीला सूर्यभानला सोडायला लिंबाजींनी बैलगाडी जुंपली. "तू बी बस," ते लेकीला म्हणाले, जणू रोजचीच गोष्ट असावी. वाटेत दोन्ही बाजूंना काढणीला आलेला हरभरा होता. गारांनी आडवा पडलेला जोंधळा शेतकरी जुड्या बांधून उभा करत होते. सूर्यभान गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसला होता. एकदा त्यानं मान वळवली, एकदा तिनं, आणि दोन्ही वेळा दोघांनी एकमेकांची चोरी पकडली.

पेडगावचं स्टेशन म्हणजे एक खोली आणि एक लिंब. पॅसेंजर आली, घटकाभर थांबली. सूर्यभान लिंबाजींच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"सांभाळून जावा, जावईबापू. मायला घिऊन या पुढल्या बारीला."

सूर्यभाननं दैवशालाकडे पाहिलं. ती बैलगाडीच्या जुवाला धरून उभी होती, डोळे भरलेले आणि ओठांवर हसू. पॅसेंजर हलली तरी तो दारात उभाच होता. लिंबाच्या पलीकडे डबा दिसेनासा होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

परतताना लिंबाजींनी बैलांना हाकललं नाही. ते आपल्या चालीनं चालत राहिले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मागे न वळताच विचारलं,

"परीक्षा कवा हाय म्हणलीस?"

"चैत्रात, दादा."

"अन् निकाल?"

"ज्येष्ठ लागंल."

लिंबाजींनी मनाशी काहीतरी जुळवलं.

"मंग लगीन निकालानंतर धरू," ते म्हणाले. "मधी हळदीच्या गडबडीत अभ्यास बुडाया नको तुझा. जिंतूरवाल्यांना मी उद्या जाऊन सांगून येतो."

दैवशालानं पुढे सरकून वडिलांच्या पाठीला पाठ टेकवली. समोर उन्हात रूळ चमकत होते, मानवतच्या दिशेनं गेलेल्या गाडीचा धूर अजून आभाळात विरत होता, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या तालावर ती मनातल्या मनात तेच एक वाक्य म्हणत होती. आता गारा असोत की नसोत, ते कुणीही ऐकलं तरी तिची हरकत नव्हती.